इंग्लंडमध्ये घरच्या जोखमीच्या माणसांना कोविडची हंगामी लस मिळवून देताना

२०२५ च्या ऑक्टोबरात नाना, म्हणजे माझे सासरे, फार्मसीत गेले आणि वीस मिनिटांत परत आले. कोट न काढताच खुर्चीत बसले. "मी आता बसत नाही म्हणे यादीत," एवढंच बोलले. वय ७२, मधुमेह वीस वर्षांचा, आणि आदल्याच वर्षी, याच दिवसांत, त्याच काउंटरवर त्यांनी कोविडची लस घेतलेली. काउंटरवरच्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. मधल्या काळात यादी बदलली होती आणि आमच्या घरात ती कोणी वाचली नव्हती. घरातली औषधं, तपासण्या, अपॉइंटमेंट सगळं मी बघते. मला वाचायला हवी होती.

आमच्याकडे जोखमीची माणसं तीन. आई ७८ वर्षांची, हृदयाच्या त्रासामुळे वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधावर. नाना वर सांगितले ते. आणि धाकटी जाऊ, वय ४६, आमवातामुळे सांधे सुजतात, त्यासाठी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू. तिघांना तीन वेगळी उत्तरं मिळाली. ती मिळवताना जे कळलं ते आई-वडिलांना इथे घेऊन आलेल्या, किंवा स्वतःच आता त्या वयाला टेकलेल्या, इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी लिहिते आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये बोलावण्याची आणि बुकिंगची पद्धत वेगळी आहे, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी आपल्याकडची पद्धत बघावी.

आधी यादी वाचा, दर हंगामाला नव्याने

कोविडची लस आता सगळ्यांना, हवी तेव्हा मिळत नाही. वर्षातून दोन हंगाम असतात, एक वसंतातला आणि एक शरदातला. वसंतातला साधारण एप्रिल ते जून. २०२५ मध्ये तो १ एप्रिल ते १७ जून होता. शरदातला १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू होऊन ३१ जानेवारी २०२६ पर्यंत चालला. कोणाला द्यायची हे जेसीव्हीआय ही तज्ज्ञांची समिती सुचवते आणि सरकार ठरवतं. समिती दर वेळी नव्याने विचार करते, त्यामुळे मागच्या वर्षी मिळाली म्हणून यंदा मिळेलच असं नाही.

२०२४ च्या शरदात ६५ वर्षांवरचे सगळे, आणि त्याहून लहान पण मधुमेह, गंभीर दमा, हृदयविकार असे आजार असलेले, शिवाय गरोदर बायका, या सगळ्यांना लस होती. २०२५ च्या शरदात ही यादी खूप आखडली आणि तिच्यात तीनच गट उरले: ७५ आणि त्यावरचे, वृद्धांच्या केअर होममध्ये राहणारे, आणि सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे कोणत्याही वयाचे, ज्यांची रोगप्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे खालावली आहे असे. नाना ७२ चे, मधुमेह असला तरी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नाही. म्हणून ते बाहेर.

बहुतेक घरं इथेच फसतात. "मला बीपी आहे, शुगर आहे, मग मी जोखमीचाच ना?" वैद्यकीयदृष्ट्या हो. पण कोविडच्या लशीची यादी त्याहून अरुंद आहे. रुग्णालयात, केअरमध्ये काम करणाऱ्यांना २०२४ मध्ये मिळाली, २०२५ मध्ये नाही. घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांनाही नाही. फ्लूची यादी मात्र यापेक्षा बरीच मोठी आहे: ६५ वर्षांवरचे, मधुमेहाचे, दम्याचे रुग्ण, गरोदर बायका, घरी कोणाची शुश्रूषा करणारे, सगळे तिच्यात बसतात. दोन्ही लशी एकाच खिडकीवर मिळतात म्हणून लोक दोन्हींचे नियमही एकच समजतात. नानांना त्याच दिवशी फ्लूची लस मिळू शकत होती, पण रागाच्या भरात तीही न घेता परत आले. ती आम्ही पुढच्या आठवड्यात घेतली.

वयाबद्दल दोन गोष्टी. ७५ वा वाढदिवस हंगाम संपायच्या आत येत असेल तर वाढदिवसापर्यंत थांबायची गरज नाही, हंगाम सुरू होताच लस घेता येते. दुसरी गोष्ट खास आपली. आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली. आईची खरी तारीख आश्विनातली, पण पासपोर्टवर १ जून. इथे पासपोर्टवरची आणि जीपीकडे, म्हणजे आपल्या नोंदणीच्या डॉक्टरकडे, नोंदलेलीच तारीख चालते. बुकिंग करताना फोनवर आईने "खरी" तारीख सांगितली की संगणकाला ती माणूस म्हणून सापडतच नाही. घरातल्या सगळ्यांची कागदावरची तारीख एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवा.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आमंत्रणाची वाट बघू नये

७५ वरच्यांना सहसा एसएमएस, एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपवर निरोप किंवा पत्र येतं. जाऊबाईंना काहीच आलं नाही. कारण साधं आहे. रिटुक्सिमॅब तिला रुग्णालयात सलाइनमधून देतात, जीपी लिहून देत नाही. त्यामुळे जीपीच्या नोंदीत ते औषध ठळक दिसत नाही, आणि ज्या नोंदींवरून आमंत्रणं निघतात त्यांत ती निरोगी ४६ वर्षांची बाई ठरते. असं तिच्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही. केमोथेरपी, बायोलॉजिक इंजेक्शनं, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, यांतली बरीच रुग्णालयाच्या हातात असतात.

तर आमंत्रण आलं नाही याचा अर्थ हक्क नाही असा घेऊ नका. बुकिंग करताना स्वतःच सांगायचं असतं की माझी प्रतिकारशक्ती खालावलेली आहे.

या गटात ढोबळमानाने कोण येतं ते सांगते. रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा. केमोथेरपी चालू असलेले किंवा नुकती संपलेले. मूत्रपिंड, यकृत, हृदय असं कुठलंही प्रत्यारोपण झालेले. अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेले. एचआयव्ही असलेले. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेले. आमवात, ल्युपस, क्रोन्स, सोरायसिस अशा आजारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. यांत मात्र कोणतं औषध, किती डोस, हे बघितलं जातं. आणि प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्त, महिन्याहून अधिक काळ घेणारे. दम्यासाठी दोन-चार दिवसांचा स्टिरॉइडचा कोर्स झाला, किंवा नुसता इनहेलर चालू आहे, एवढ्याने कोणी या गटात येत नाही.

आपलं औषध यात बसतं का ही शंका असेल तर फार्मसीच्या काउंटरवर वाद घालण्यापेक्षा रुग्णालयातल्या स्पेशालिस्ट नर्सच्या हेल्पलाइनला फोन करा. बहुतेक संधिवात, कर्करोग आणि प्रत्यारोपण विभागांची अशी लाइन असते आणि नंबर तुमच्या पत्रावरच छापलेला असतो. जाऊबाईंनी संध्याकाळी निरोप ठेवला, दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला आणि दोन मिनिटांत उत्तर मिळालं. त्याच फोनवर एक ओळीचं पत्रही मागून घ्या: अमुक रुग्ण, अमुक औषध, कोविड लशीस पात्र.

पत्र नसेल तर क्लिनिकचं जुनं पत्र, रिपीट प्रिस्क्रिप्शनची चिठ्ठी किंवा औषधाचा खोका न्यावा. ॲपमध्येही औषधांची यादी दिसते, पण रुग्णालयातून मिळणारी औषधं तिथे नसू शकतात, म्हणून कागद बरा.

कोणत्या तारखेला घ्यायची

दोन डोसांमध्ये साधारण सहा महिने ठेवतात, आणि निदान तीन महिने तरी गेलेले हवेत. वसंतात घेतलेल्याला शरदापर्यंत तेवढं अंतर आपोआप पडतं.

माझं मत विचाराल तर शरदाची लस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या, जानेवारीपर्यंत ढकलू नका. या लशीचं मुख्य काम आजार गंभीर होऊ न देणं, रुग्णालयाची पायरी चढू न देणं हे आहे. तिचा जोर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो, मग उतरत जातो. डिसेंबर-जानेवारीत घरं बंद, खिडक्या बंद, पाहुण्यांची ये-जा, आणि फ्लूही सोबतीला. तो जोर तेव्हा हाताशी असावा. दिवाळीला चाळीस माणसं एका हॉलमध्ये जमणार असतील तर दोन-तीन आठवडे आधी घेतलेली उत्तम, कारण शरीराला तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

औषधोपचार सुरू व्हायचे असतील तर घाई करा. केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होण्याआधी, जमल्यास निदान दोन आठवडे आधी, लस झालेली चांगली, कारण मग शरीर तिला नीट प्रतिसाद देतं. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाचे डोस काही महिन्यांच्या अंतराने असतात, तिथे कोणत्या आठवड्यात लस घ्यायची हे त्या विभागालाच विचारा. जाऊबाईंची तारीख नर्सने पुढच्या सलाइनच्या महिनाभर आधीची सांगितली. मात्र लशीसाठी म्हणून मेथोट्रेक्झेट किंवा दुसरं कुठलंही औषध आपल्या मनाने थांबवू नका.

नुकताच कोविड होऊन गेला असेल तर बरं वाटेपर्यंत थांबा, पुढे घेता येते. ताप आहे, अंग मोडून आलंय, अशा दिवशी तारीख पुढे ढकला. नुसतं नाक वाहत असेल तर अडत नाही.

बुकिंग

तीन दरवाजे आहेत. एनएचएस ॲप, एनएचएसच्या वेबसाइटवरचं लसीकरण बुकिंग, आणि ११९ हा फोन नंबर. ११९ ला पैसे पडत नाहीत, मोबाइलवरूनही नाही. ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांच्यासाठी तो आहे, आणि तिथे दुभाषा मागता येतो. फोन लागल्यावर इंग्रजीत एवढंच म्हणायचं, "मराठी इंटरप्रिटर, प्लीज." त्या वेळी मराठी कोणी मिळालं नाही तर हिंदी मागा. आईला मी हे वाक्य पाठ करून दिलंय, मी कामावर असताना तिला कोणावर अवलंबून राहावं लागू नये म्हणून.

दुसऱ्यासाठी बुकिंग करता येतं, आई-वडिलांसाठी मुलाने केलं तर चालतं. नाव, जन्मतारीख, पोस्टकोड विचारतात. एनएचएस नंबर हाताशी असेल तर सोपं जातं, नसेल तरी अडत नाही. अडतं ते नावात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. जीपीकडे नोंदवताना ते कधी पहिल्या नावाला जोडून टाकतात, कधी आडनावाच्या रकान्यात. माणूस सापडत नसेल तर जीपीच्या एखाद्या जुन्या पत्रावर नाव कसं छापलंय ते बघा आणि तसंच्या तसं टाका.

पोस्टकोड टाकला की जवळची ठिकाणं येतात, बहुतेक फार्मसीच. सुरुवातीच्या आठवड्यांत जवळचं ठिकाण भरलेलं दिसलं तर दोन दिवसांनी पुन्हा बघा, नव्या वेळा येत राहतात. बुकिंग न करता जाता येईल अशी वॉक-इन केंद्रंही असतात, त्यांची यादी त्याच वेबसाइटवर मिळते. काही जीपी स्वतःच बोलावतात, तसं असेल तर तिथेच जावं, ओळखीची नर्स असली की म्हाताऱ्या माणसाला धीर असतो.

बुकिंग करताना फ्लूची वेळही त्याच भेटीत मिळते का बघा. कोविड आणि फ्लू एका दिवशी घेता येतात. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची लस वेगळी. ७५ झाल्यावर ती एकदाच देतात, पण कोविड-फ्लूच्या दिवशीच सहसा देत नाहीत, कारण म्हाताऱ्या वयात एकत्र दिली की परिणाम थोडा कमी पडू शकतो. तिच्यासाठी जीपीकडून वेगळी तारीख घ्या.

आणि एक सावधगिरी. ही लस एनएचएसकडून मोफत आहे. बँकेचा नंबर, कार्ड, पिन, पासवर्ड मागणारा कुठलाही मेसेज खोटा. शंका आली तर मेसेजमधली लिंक न उघडता स्वतः ॲप उघडा. आई-बाबांना हे एकदा सांगून भागत नाही, दर हंगामाला सांगावं लागतं.

घराबाहेर पडता येत नसेल तर

अंथरुणाला खिळलेल्या किंवा जिने उतरू न शकणाऱ्या माणसाला घरी येऊन लस देतात. त्यासाठी जीपीच्या रिसेप्शनला फोन करून "हाउसबाउंड" हा शब्द वापरा. तो शब्द नोंदीत पडला की नाव डिस्ट्रिक्ट नर्सच्या किंवा लसीकरण पथकाच्या यादीत जातं. घरच्या भेटी एका भागातल्या एकत्र करतात, त्यामुळे वेळ लागतो. हंगाम सुरू होतानाच सांगून ठेवा. केअर होममध्ये पथक तिथेच येतं, पण आपलं माणूस त्या दिवशी रुग्णालयात असेल तर ते सुटून जातं, हे मॅनेजरला विचारत राहावं लागतं.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या बाबतीत संमतीचा प्रश्न येतो. त्याला त्या क्षणी समजून हो-नाही सांगता येत असेल तर त्याचंच उत्तर चालतं. येत नसेल आणि घरातल्या कोणाकडे आरोग्याबद्दलची लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, असेल तर ती व्यक्ती निर्णय घेते. तीही नसेल तर मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे, घरच्यांशी बोलून, त्या माणसाच्या हिताचं काय ते लस देणारे ठरवतात. पॉवर ऑफ ॲटर्नीची प्रत सोबत ठेवा.

जायच्या दिवशी

पोटात काही घालून जा. शरदाचा हंगाम सुरू होतो तो आपला उपासांचा काळ, नवरात्र, मग कोजागिरी, मग चतुर्थ्या. रिकाम्या पोटी सुई टोचली की घेरी येते, आणि मधुमेह्याची साखर उतरते ती वेगळीच. उपास असेल तर खिचडी, दूध, फळं, काहीतरी खाऊन निघा, किंवा तारीखच दुसरी घ्या. आईने हे ऐकायला दोन वर्षं घेतली.

कपडे असे घाला की दंड खांद्यापर्यंत उघडता येईल. थंडीमुळे आई आत थर्मल, वर लांब बाह्यांचा ब्लाउज, वर स्वेटर, वर कोट अशी निघते. पहिल्या वर्षी फार्मसीच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत ते सगळं उतरवताना तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की डोळ्यांत पाणी आलं. आता आम्ही आखूड बाह्यांचा सैल ब्लाउज आणि पुढून बटणं असलेलं स्वेटर घालून जातो. लस देणारी बाई हवी असेल तर आधी फोन करून विचारावं, संकोच करू नये.

सोबत चष्मा, औषधांची यादी आणि वॉर्फरिनवाल्यांनी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीची, पिवळी पुस्तिका. यादीत आयुर्वेदिक काढे, चूर्णं, पुण्याहून मागवलेल्या गोळ्या, सगळं लिहा.

खुर्चीत बसल्यावर

प्रश्न ठरलेले असतात. आज बरं आहे ना, ताप नाही ना. आधी कुठल्या लशीनंतर जोरात ॲलर्जी आली होती का. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची ॲलर्जी आहे का. हा घटक काही औषधांत, जुलाबाच्या पावडरीतही असतो, आणि फायझरच्या लशीतही. आधीच्या डोसनंतर हृदयाला सूज आली होती का. रक्त पातळ करणारं औषध आहे का. गेल्या तीन महिन्यांत कोविडची लस घेतली का.

भारतात काय घेतलं होतं हेही कधी विचारतात. आईचे पहिले दोन डोस कोविशील्डचे, पुण्यात. तिसरा २०२२ मधला प्रिकॉशन डोस. कोविशील्ड घेतलेल्याला फायझरची लस चालते, आणि आधी किती डोस झाले ते मोजत बसण्याची गरज नाही. आधी एकही घेतली नसेल तरी या हंगामाचा एक डोस बहुतेकांना पुरतो. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे त्यांना जादा डोस द्यायचा का, ते त्यांचे स्पेशालिस्ट ठरवतात.

लस दर शरदाला बदलून येते, विषाणू बदलतो तशी. २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ या प्रकारावर बेतलेली होती, २०२४ मध्ये जेएन.१ वर, २०२५ मध्ये एलपी.८.१ वर. म्हणून "मी पाच घेतल्या, आता कशाला" हा हिशोब इथे लागू पडत नाही. शाकाहारी मंडळींसाठी: फायझरच्या या लशीत अंडं नाही, प्राणिजन्य घटक नाही. आईने पहिला प्रश्न हाच विचारला होता आणि फार्मासिस्टने घटकांचा कागद उलगडून तिला ओळ दाखवली.

वॉर्फरिनवर असलेल्यांना लस देतात, आयएनआर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेला नसावा एवढंच. सुई बारीक वापरतात. सुई निघाल्यावर कापूस घट्ट दाबून धरायचा, निदान दोन मिनिटं, आणि चोळायचं नाही. आपल्याकडे सुई टोचली की चोळायची सवय हाडीमासी खिळलेली आहे. आईचा दुसरा हात आपोआप दंडाकडे गेला आणि मी तो धरून ठेवला. मी घड्याळ बघत होते, ती रामरक्षा म्हणत होती. दोन मिनिटांनी कापूस उचलला तर लाल ठिपका तेवढा होता. मागच्या खेपेला चोळलं होतं तेव्हा कोपरापर्यंत काळंनिळं झालं होतं.

नंतर पंधरा मिनिटं बसा. कोणी सांगितलं नाही तरी बसा, आणि गाडी चालवत आला असाल तर नक्कीच. ॲलर्जी यायचीच झाली तर बहुधा तेवढ्यातच येते, आणि तिथे ती सांभाळायची तयारी असते.

पुढचे दोन-चार दिवस

दंड दुखणं, थकवा, डोकेदुखी, अंगदुखी, थोडा ताप, हे एक-दोन दिवस होतं आणि जातं. बगलेत गाठ सुजल्यासारखी वाटू शकते, तीही जाते. त्या आठवड्यांत मॅमोग्राम, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, असेल तर तिथे लस घेतल्याचं आणि कुठल्या दंडात घेतली ते सांगा.

पॅरासिटामॉल चालतं. इथे मात्र घरात दोन देशांच्या गोळ्या असतात. इथली गोळी ५०० मिलिग्रॅमची, भारतातून आणलेली डोलो ६५० ची. मोठ्या माणसाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, दोन डोसांत चार तास तरी हवेत, आणि सर्दीच्या गरम पाण्यात घालायच्या पावडरींतही पॅरासिटामॉलच असतं. अगदी बारीक चणीच्या, पन्नास किलोच्या खालच्या म्हाताऱ्या माणसाला हाही डोस जास्त होऊ शकतो, फार्मासिस्टला विचारून घ्या. वॉर्फरिनवाल्यांनी आयबुप्रोफेन मुळीच घेऊ नये.

केमोवर किंवा जाऊबाईंसारख्या औषधावर असलेल्या माणसाला ताप आला तर "लशीचाच असेल" म्हणून घरी बसू नका. त्यांच्यात ताप हे जंतुसंसर्गाचं पहिलं आणि कधी कधी एकमेव लक्षण असतं. रुग्णालयाने दिलेल्या हेल्पलाइनला रात्री असो की पहाटे, त्याच वेळी फोन करा.

लस घेतल्यावर काही दिवसांत छातीत दुखणं, धाप लागणं, हृदय धडधडणं असं झालं तर लगेच डॉक्टर. हृदयाला सूज येणं अगदी दुर्मीळ आहे आणि झालं तर बहुधा तरुण पुरुषांत, तरी दुर्लक्ष करू नये. ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं, चक्कर येऊन कोसळणं, अशा वेळी ९९९ हा तातडीचा नंबर. इतर शंकांना १११ ही एनएचएसची सल्ल्याची लाइन. कुठलाही त्रास झाला तर तो यलो कार्ड या सरकारी योजनेत स्वतः नोंदवता येतो, डॉक्टर लागत नाही.

काही दिवसांनी ॲपमध्ये नोंद आली का बघा. आली नसेल तर जिथे घेतली तिथे विचारा. पुढच्या हंगामात तीन महिन्यांचं अंतर त्याच नोंदीवरून मोजतात.

परत पाठवलं तर, आणि नाव यादीत नसेल तर

प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना फार्मसीतून परत पाठवल्याचं आमच्या ओळखीत दोन घरांत घडलं. दोन्ही ठिकाणी माणूस दिसायला तरुण होता आणि हातात कागद नव्हता. अशा वेळी शांतपणे औषधाचं नाव सांगा, कागद दाखवा, फार्मासिस्टशी स्वतः बोलायला मागा. तरी नाही म्हटलं तर ११९ वरून दुसरं ठिकाण घ्या किंवा जीपीकडे जा. भांडून दमण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुसरीकडे घेतलेली बरी.

नानांसारख्यांना विकत घेण्याचा मार्ग आहे. २०२४ पासून कोविडची लस खाजगीत मिळते, मोठ्या दुकानांत किंमत शंभर पौंडांच्या आसपास, लहान फार्मसींमध्ये कधी कमी. आधी चौकशी करा, किंमतींत बराच फरक असतो. ज्याला परवडतं आणि ज्याला मधुमेहासोबत हृदयाचाही त्रास आहे त्याने घ्यावी असं मला वाटतं. नाना म्हणाले, "एवढ्या पैशात पुण्याचं अर्धं तिकीट येईल." मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून पैसे भरले तेव्हा तयार झाले.

भेटीला आलेले आई-वडील ७५ च्या वरचे असतील तर त्यांनाही विचारून बघा. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी जीपीकडे तात्पुरती नोंदणी होते, ती करून घेतली तर लशीपलीकडेही उपयोगी पडते.

जाऊबाईंच्या बाबतीत आम्ही आणखी एक तयारी ठेवतो, कारण रिटुक्सिमॅबवर असताना लशीचा प्रतिसाद कमी येऊ शकतो. कोविडवरच्या औषधांना जे पात्र आहेत त्यांना फार्मसीतून तपासणीची किट मोफत मिळते. तिच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात, थर्मामीटरशेजारी, दोन खोके असतात. घसा खवखवला की त्याच दिवशी तपासणी, आणि पॉझिटिव्ह आली की लगेच जीपी किंवा १११. पॅक्सलोविड हे कोविडवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. म्हणून औषधांची तीच यादी, जी लशीला नेली होती, खणाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. तिच्यावर शेवटच्या सलाइनची तारीख पेन्सिलने लिहितो, दर वेळी खोडून नवी घालता येते.